घरातल्या दोन चुली वहीत कशा उतरवाव्यात

लोक माझ्याकडे वह्या घेऊन येतात. कोणाची आजी अमळनेरची आणि आई सुरतेची. कोणाचे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी केरळातून भुसावळला आलेले. कोणाचं आजोळ बऱ्हाणपूरला, सासर शहाद्याला. सगळ्यांना घरचा स्वयंपाक लिहून काढायचा असतो. वही उघडली की पहिली दोन पानं आजीच्या लुगड्यावर आणि चुलीच्या धुरावर खर्ची पडलेली असतात. तिसऱ्या पानावर एकदाचा पदार्थ येतो, 'डाळ शिजवून घ्यावी, मसाला घालावा, चवीनुसार मीठ'. मी रोज शंभर-सव्वाशे ताटांचं करतो, पण त्या पानावरून ती आमटी मलाही करता येत नाही.

माझंही घर मिश्रच. आई यावल तालुक्यातली, लेवा पाटलांची. वडिलांकडचे लोक तमिळ, आजोबा लोको शेडला लागले तेव्हापासून भुसावळचे. त्यामुळे मला दोन आज्या होत्या, आईची आई ती आजी आणि वडिलांची आई ती पाट्टी. दोघींचं लिहून काढायला मी सुरुवात केली तेव्हा मीही आधी गोष्टच लिहिली आणि प्रमाणं 'नंतर विचारू' म्हणून ठेवली. सहा पदार्थ त्यात हातचे गेले. खाली दिलेला क्रम त्यानंतर बसवलेला आहे. तो उलटा केला की काम बिघडतं, म्हणून टप्पे पुढेमागे करू नका.

टप्पा 1 : पेन उघडण्याआधीची तयारी

आधी यादी छोटी करा. पन्नास पदार्थांची यादी घेऊन बसलेल्या माणसाची वही पूर्ण झालेली मी अजून पाहिलेली नाही. पहिल्या फेरीला तीन पदार्थ घ्या. एक आईकडचा, एक वडिलांकडचा आणि एक असा, जो दोन्हीकडे नव्हता आणि तुमच्याच घरात तयार झाला. तिसरा सापडायला वेळ लागतो. सापडला नाही तर रविवारी सकाळी तुमच्याकडे काय होतं ते आठवा, बहुतेक तोच असतो.

हंगाम बघून दिवस ठरवा. भरीत हिवाळ्यातच लिहा. बामणोदकडची लांब, हिरवट-पांढरी वांगी तेव्हा भरात असतात आणि कपाशीच्या काड्याही शेतातून निघालेल्या असतात. जूनमध्ये बाजारातलं जांभळं वांगं गॅसवर भाजून लिहिलेलं भरीत हा वेगळा पदार्थ आहे. खापरावरची पुरणपोळी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास, बिबडे (ज्वारीचे पापड) उन्हाळ्यात. आज्यांचे हात त्या त्या महिन्यातच नीट चालतात, अवेळी विचारलं की त्या आठवून सांगतात, आणि आठवलेलं प्रमाण जवळपास नेहमी चुकतं.

सामान असं:

- 5 किलोपर्यंतचा, 1 ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा. भांडं ठेवून शून्य करायची सोय हवीच.
- मसाल्यांसाठी 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा. जळगाव सराफीचं गाव, असा काटा शोधायला लांब जावं लागत नाही. हिंग, लवंग, दगडफूल मोठ्या काट्यावर दिसतसुद्धा नाही.
- स्वयंपाकघरातलं घड्याळ आणि साधी वही. मोबाईलवर लिहू नका, हात तेलकट असतात आणि मध्येच फोन येतो.
- घरातल्या सगळ्या वाट्या, पळ्या, चमचे.

या वाट्या-चमच्यांवर अर्धा तास घालवा. काट्यावर रिकामी वाटी ठेवून शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. आमच्या घरात 'वाटी' म्हणून तीन वाट्या चालतात, 110, 145 आणि 190 मिलिलिटरच्या. आई 'दोन वाट्या' म्हणते तेव्हा कोणती, हे तिला विचारावं लागत नाही असं तिला वाटतं.

इशारा : आजी शेर, मापटं, चिपटं, पायली सांगेल. ही धान्य भरून मोजायची मापं आहेत, वजनाची नव्हेत. एक शेर ज्वारी आणि एक शेर उडीद सारख्या वजनाचे भरत नाहीत. त्यात वजनाचा पक्का शेर वेगळा, तो 80 तोळ्यांचा, म्हणजे 933 ग्रॅम. दोन्ही शेरांची गल्लत करून केलेलं कळणं (ज्वारी-उडदाचं पीठ) मी खाल्लं आहे. घरात जुनं माप असेल तर तेच भरून काट्यावर ओता. नसेल तर 'चार मापांना एक माप' एवढं गुणोत्तर लिहा आणि पुढे चला.

टप्पा 2 : पहिला दिवस नुसता बसायचा

पहिल्या दिवशी काही लिहायचं नाही, काही मोजायचं नाही. ओट्यापाशी पाट टाकून बसा, लसूण सोला, कोथिंबीर निवडा. 'किती घातलंस?' हा प्रश्न विचारायचा नाही. तो विचारला की बाई थबकते, हात आखडतो आणि तुम्हाला खूश करायला ती काहीतरी आकडा सांगते.

तीन गोष्टी मात्र डोक्यात ठेवा. ती कुठे थांबते, कुठे वाकून वास घेते, आणि कोणतं काम ती दुसऱ्याला करू देत नाही. पाट्टी फोडणीला कोणालाच उभं राहू देत नसे. आजी फोडणी कोणालाही द्यायची, पण कांदा-खोबरं भाजायला स्वतः बसायची. मला त्यातून कळलं की एका घरात जीव फोडणीत आहे आणि दुसऱ्या घरात भाजण्यात, आणि पुढच्या दिवशी कुठे जास्त बारकाईने बघायचं तेही ठरलं.

टप्पा 3 : दुसरा दिवस, हाताआधी काटा

बहुतेक जण इथेच फसतात. आजी मूठ भरते, नातू मध्येच हात धरतो आणि 'थांब, काट्यावर टाक' म्हणतो. दोन वेळा असं झालं की ती वैतागते, आणि पदार्थ बिघडला की दोष काट्याला देते. तिचं बरोबरच असतं.

त्यापेक्षा असं करा:

1. स्वयंपाक सुरू होण्याआधी प्रत्येक डबा झाकणाशिवाय, आतल्या जिनसासकट काट्यावर ठेवा. तेलाची किटली, मिठाची बरणी, तिखट, हळद, काळा मसाला, चिंच. आकडे लिहून ठेवा.
2. पाणी एकाच मोजलेल्या भांड्यातून घ्यायला सांगा. 3 लिटरची कळशी भरून द्या, नळ त्या वेळेपुरता बंद.
3. रिकाम्या पातेल्याचं वजन घ्या आणि खडूने बाहेरच्या अंगाला लिहा.
4. तिला तिच्या पद्धतीने करू द्या. तुम्ही फक्त क्रम आणि वेळ टिपा.
5. पदार्थ उतरला की सगळे डबे पुन्हा काट्यावर. फरक म्हणजे वापरलेलं प्रमाण.
6. शेवटी पातेलं आतल्या पदार्थासकट तोला आणि रिकामं वजन वजा करा.

सहावी पायरी लोक सोडतात, आणि रस्सा पातळ-घट्ट होण्याचं मूळ तिथेच असतं. 'रस्सा चांगला उकळू द्यावा' यातून कोणालाच काही कळत नाही. 'सगळं मिळून 1350 ग्रॅम राहील तोवर आटवा' यातून परक्या गावातल्या, वेगळ्या शेगडीच्या माणसालाही कळतं.

मीठ दोनदा पडतं हे लक्षात ठेवा. एकदा सुरुवातीला, एकदा चव बघून. दोन्हींसाठी वेगवेगळ्या छोट्या वाट्या भरून ठेवा, म्हणजे शेवटची चिमूट किती होती हेही कळेल. माझा अनुभव असा की पहिलं मीठ प्रत्येकाचं जवळपास सारखं असतं, घराची ओळख त्या शेवटच्या चिमटीत असते.

आता मूठ. मूठ, चिमूट, पसा हे शब्द खोडून टाकायची घाई करू नका, त्यांचं वजन करा. स्वयंपाक आटोपल्यावर, निवांत वेळी, आजीला पाच वेळा तुरीच्या डाळीची मूठ भरून ताटलीत टाकायला सांगा. आमच्या आजीची मूठ 50 ते 54 ग्रॅम भरली. पाट्टी त्याच मापाला कैपिडि म्हणायची, तिची 36 ते 38. म्हणजे 'दोन मुठी डाळ' असं दोघींच्या कृतींत लिहिलं तर 30 ग्रॅमचा फरक पडतो, आणि सांबार पातळ का झालं म्हणून तुम्ही मसाल्याला दोष देत बसता. वहीच्या पहिल्या पानावर ही मुठींची यादी लावा. खाली कृतीत 'दोन मुठी (104 ग्रॅम)' असं लिहा. शब्द राहतो आणि माप मिळतं.

अपवाद : कानबाई या खानदेशी देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी सव्वा मुठीचा हिशेब असतो, तो ग्रॅममध्ये करू नका. ती मूठ घरातल्या माणसांच्या नावाने घेतलेली असते, रोट कसा लागावा यासाठी नाही.

तपासणी : सगळ्या जिनसांची बेरीज (पाण्यासकट) आणि शेवटचं वजन यांत फरक असणारच, तो वाफेचा. पण शेवटचं वजन बेरजेपेक्षा जास्त आलं तर काहीतरी लिहायचं राहिलं आहे. बहुतेक वेळा ते मिक्सरचं भांडं धुऊन घातलेलं पाणी असतं.

टप्पा 4 : आच, रंग, वास

मिनिटं लिहा, पण मिनिटांवर विसंबू नका. चुलीवरची 'मंद आच' म्हणजे लाकूड मागे ओढलेलं, गॅसवरची मंद आच म्हणजे बटण कुठल्या तरी कोनात वळवलेलं. दोन्हींचा मेळ बसत नाही. त्यामुळे प्रत्येक पायरीला वेळेशेजारी एक खूण लिहा, डोळ्याची, नाकाची किंवा कानाची.

भरिताचंच घ्या. चुकीचं टिपण असं असतं: 'वांगी खरपूस भाजून सोलून घ्यावीत'. आजीबरोबर बसून मी लिहिलेलं असं आहे:

वांग्याला दोन ठिकाणी सुरीचं टोक लावलं, नाहीतर ते फुटून गर काड्यांत सांडतो. कपाशीच्या काड्या पेटवून जाळ वर आल्यावर वांगी आडवी मांडली. आधी साल तडतडते, मग काळी पडते, मग देठाजवळून पाणी येऊन चर्र आवाज होतो. तो आवाज थांबल्यावर वांगं चिमट्यात धरलं तर मधून वाकतं. वाकलं की झालं. लगेच सोलायचं नाही, पातेल्यात घालून 10 मिनिटं झाकायचं, साल आपोआप सुटते. 1 किलो वांग्यांचा माझ्या काट्यावर 620 ग्रॅम गर निघाला. पुढे लाकडी भांड्यात ठेचला, मिक्सर लावला नाही. तेलात शेंगदाणे, ठेचलेली हिरवी मिरची आणि लसूण, मग कांद्याची पात, मग गर. पात घातल्यावर दोनच मिनिटं, तिचा हिरवा रंग मेला की भरीत गोडसर लागायला लागतं.

चर्र आवाज थांबणं आणि वांगं वाकणं एवढ्या दोन खुणा असल्या की पुण्यातल्या सदनिकेतही गॅसवर जवळपास जाता येतं. काड्यांचा वास येणार नाही, तसं सरळ लिहा. 'धुराची चव हवी असल्यास कोळसा ठेवून तूप सोडावे' असली जोड आजीच्या कृतीत घुसवू नका. ती तुमची युक्ती आहे, वेगळ्या ओळीत, तुमच्या नावाने लिहा.

फोडणीचा क्रम दोन घरांत वेगळा असतो आणि तो हमखास चुकतो. आमच्या आजोळी शेंगदाण्याचं तेल, त्यात आधी लसूण, तो तांबूस झाला की बाकीचं. पाट्टीकडे तिळाचं तेल, आधी मोहरी, ती पूर्ण तडतडून शांत झाली की उडदाची डाळ, डाळ गुलाबीसर झाली की सुकी मिरची, शेवटी हिंग आणि कढीपत्ता. उडदाची डाळ मोहरीबरोबर टाकली तर मोहरी फुटेपर्यंत डाळ करपते. 'फोडणी करून घ्यावी' हे वाक्य मिश्र घराच्या वहीत चालतच नाही, कारण वाचणारा आपल्या घरची फोडणी करतो.

पाणीही लिहा. बोअरचं जड पाणी असेल तर तुरीची डाळ शिजायला वेळ लागतो, फिल्टरचं असेल तर लवकर शिजते. चिंचेचा कोळ डाळ पूर्ण शिजण्याआधी पडला तर ती टणक राहते. आणि आंबवायच्या पदार्थांना महिना लिहा. आमच्याकडे मे महिन्यात इडलीचं पीठ पाच-सहा तासांत वर येतं, त्यानंतर आंबट होतं. जानेवारीत रात्रभर ठेवून सकाळी दहापर्यंत वाट बघावी लागते. 'आठ तास आंबवावे' असं लिहिलेलं पान या जिल्ह्यात वर्षातून जेमतेम दोन महिने खरं असतं.

खापरावरची पुरणपोळी मात्र कागदावर शिकवता येत नाही. पोळी हातावर पसरत नेणं, उलट्या खापरावर टाकणं, हे शब्दांत लिहायच्या भानगडीत पडू नका. पुरणाचं आणि कणकेचं प्रमाण लिहा, बाकी व्हिडिओ काढा, आणि कॅमेरा चेहऱ्यावर न धरता हातांवर धरा.

टप्पा 5 : कोणाचा शब्द ठेवायचा

आजी 'काया मसाला' म्हणते, 'दाय' म्हणते. लेवा बोलीत ळ चा य होतो. तुम्ही लिहिताना ते 'दुरुस्त' केलंत तर पान तिचं राहत नाही, आणि सगळीकडे 'दाय' लिहिलंत तर साताऱ्याच्या वाचकाला डाळ कोणती हे कळत नाही. सोपा नियम असा: जिन्नसांच्या यादीत बाजारात मिळणारा शब्द, पदार्थाच्या नावात आणि तिच्या तोंडच्या सूचनेत तिचा शब्द. पहिल्यांदा आला की शेजारी अर्थ द्या, पुन्हा देऊ नका.

दुसऱ्या भाषेतले शब्द देवनागरीत लिहिताना एक रूप ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. तमिळ रस्सा तो कुळंबु, त्याची कुळंबु, कुळम्बु, कोळंबू अशी तीन रूपं एकाच वहीत होती माझ्या, आणि माझ्या मुलीला ते तीन पदार्थ वाटले.

इशारा : सातपुड्यातल्या घरांचं लिहिताना 'आदिवासी भाजी', 'आदिवासी भाकरी' असं शीर्षक देऊ नका. पावरा, भिल, मावची, तडवी ही वेगवेगळी घरं आहेत. धडगावच्या बाईने सांगितलेली कृती नवापूरच्या बाईला अनोळखी असू शकते. माहीत असेल ते नेमकं लिहा, तालुका तरी लिहाच.

टप्पा 6 : जिथे दोन घरं एकाच पातेल्यात आली

वहीतला सगळ्यात मोलाचा भाग हा, आणि सगळ्यात जास्त मोडतोडही इथेच होते. लोक दोन प्रकारे चुकतात.

पहिली चूक, पदार्थ 'शुद्ध' करणं. लिहायला बसलं की आपल्या सांबारात काळा मसाला आहे याची लाज वाटते. मग पुस्तकातलं सांबार बघून काळा मसाला काढला जातो, सांबार पूड लिहिली जाते. झालं, तुमच्या घरचं सांबार संपलं. पुस्तकातलं तर आधीच छापलेलं आहे.

दुसरी चूक, नवीन जोड्या जुळवणं. एका ताईंनी 'कळण्याची इडली' लिहून आणली. कल्पना कुठून आली ते कळत होतं, कळण्यातही साधारण चार ज्वारीला एक उडीद आणि इडलीतही चार उकड्या तांदळाला एक उडीद. पण कळण्यात अख्खे, सालासकट उडीद कोरडे दळतात, आणि इडलीसाठी उडीद सोलीव, भिजवून, हलके होईपर्यंत वाटतात. वाटण्यात शिरलेली हवा दळणात नसते. त्यांची इडली काळपट आणि चपटी झाली होती, हे त्यांनीच कबूल केलं. मी विचारलं, तुमच्या घरी हे कधी होत होतं का? नव्हतं. मग वहीत कशाला?

मिश्र पदार्थ लिहिताना प्रत्येक जिनसाला आणि प्रत्येक कृतीला विचारा, हे कोणाकडून आलं, आणि का आलं. आमच्या घरच्या एका पदार्थाचं पान जसंच्या तसं देतो.

आजोळी डुबुक वडे करतात, बेसन सैलसर भिजवून उकळत्या काळ्या रस्स्यात सोडलेले. पाट्टीकडे परुप्पु उरुंडै कुळंबु, भिजवलेली डाळ वाटून तिचे गोळे चिंचेच्या रस्स्यात. आई लग्न होऊन आली, पाट्टीच्या हाताखाली शिकली, आणि काही वर्षांनी जे होऊ लागलं त्याला आम्ही नुसतं 'डुबुक' म्हणतो.

*डुबुक, भुसावळच्या घरचे, 4 माणसांना*

गोळ्यांसाठी: चणाडाळ 200 ग्रॅम (3 तास भिजवून निथळल्यावर 380 ग्रॅम), सुक्या लाल मिरच्या 6 ग्रॅम, लसूण 12 ग्रॅम, जिरं 3 ग्रॅम, खडे मीठ 5 ग्रॅम.

रस्स्यासाठी: कांदा 200 ग्रॅम, सुकं खोबरं 40 ग्रॅम, काळा मसाला 12 ग्रॅम, तिखट 8 ग्रॅम, चिंच 15 ग्रॅम, शेंगदाणा तेल 55 ग्रॅम, पाणी 900 मिलिलिटर, खडे मीठ 10 ग्रॅम, कढीपत्ता एक डहाळी.

कांदा अख्खाच जाळावर, वरचे दोन पापुद्रे काळे होईपर्यंत. खोबरं चहाच्या रंगावर, त्यापुढे गेलं तर रस्सा कडू. दोन्ही बारीक वाटायचं. तेलात कढीपत्ता, मग वाटण, कडेने तेल दिसेपर्यंत. मसाला, तिखट, लगेच पाणी. खळखळ उकळी आली की चिंचेचा कोळ आणि मीठ.

डाळ पाणी न घालता भरड वाटायची. लिंबाएवढे गोळे. आधी एकच गोळा सोडायचा. दोन मिनिटांत विरघळला तर वाटणात पाणी जास्त आहे, चमचाभर बेसन मिसळा. टिकला तर बाकीचे एकेक सोडा, आच मध्यम करा आणि पहिली 5 मिनिटं पळी लावू नका. गोळे वर तरंगले तरी आत कच्चे असतात, आणखी 10 मिनिटं. एक फोडून बघा, मध्ये पिवळा ओला ठिपका नको.

*कुठून काय :* भिजवलेली डाळ, चिंच, कढीपत्ता पाट्टीकडून. भाजलेला कांदा-खोबरं, काळा मसाला, गोळ्यांतला लसूण आजोळचा. पाट्टी गोळे वाफवून मग सोडायची, आईने ते बंद केलं, कारण सकाळी डब्याच्या घाईत दोन भांडी लावायला वेळ नसे.

हा शेवटचा परिच्छेद प्रत्येक मिश्र पदार्थाखाली हवा. आणि कारण खरं लिहा. डब्याची घाई, जिन्नस न मिळणं, सासऱ्यांना तिखट न चालणं, गॅस महागणं. 'दोन संस्कृतींचा संगम' असं काही लिहिलेलं दिसलं की मी तिथे लाल रेघ मारतो.

तपासणी : पान लिहून झालं की दोन्हीकडच्या एकेका वडीलधाऱ्या माणसाला वाचून दाखवा. दोघांनीही 'आमच्याकडे असं करत नाहीत' म्हटलं तर पान बरोबर आहे. एकानेच म्हटलं तर तो पदार्थ अजून दुसऱ्याच घरचा आहे, मिश्र झालेला नाही.

टप्पा 7 : परक्या हाताने करून बघा

पान अशा माणसाला द्या, ज्याने तो पदार्थ कधी खाल्लेला नाही. तुम्ही तिथे जायचं, पण तोंड उघडायचं नाही. तो जिथे पानावरून मान वर करून तुमच्याकडे बघेल, तिथे काहीतरी लिहायचं राहिलं आहे. ती जागा पेन्सिलने टिपा.

नातेवाइकांना देऊ नका. बहिणीला दिलं तर ती चुकलेल्या पानावरूनही बरोबर करते, तिला चव ठाऊक असते.

आमचं डुबुक पहिल्या परीक्षेत खारट झालं होतं. शेजारच्या वहिनींकडे काटा नव्हता, म्हणून त्यांनी मी ग्रॅमशेजारी कंसात लिहिलेल्या 'दोन चमचे' यावर भरवसा ठेवला. आई खडे मीठ वापरते, वहिनींकडे बारीक मीठ, आणि त्याच चमच्यात बारीक मीठ जास्त मावतं. आता पानावर 'खडे मीठ' असं लिहिलं आहे आणि मिठापुढचा चमचा खोडला आहे. तिखटाचंही असंच. नंदुरबारच्या बाजारात मिरचीच्या जाती आणि तिखटपणा ढिगाढिगाला बदलतो. जात माहीत असेल तर ती, नसेल तर 'मध्यम तिखट, गडद रंगाची' एवढं तरी लिहा.

टप्पा 8 : आता गोष्ट लिहा

लुगडं, चूल, लोको शेडचा भोंगा, हे सगळं आत्ता. आतापर्यंतच्या टिपणांत गोष्ट जवळपास तयार असते, कारण आजी कोणत्या कामाला कोणाला उभं राहू देत नसे हे तुम्हाला माहीत झालेलं असतं. दीडशे-दोनशे शब्द पुरतात. 'आजीच्या हाताची चव काही औरच' हे वाक्य आलं तर खोडा आणि तिथे हाताने नेमकं काय केलं ते लिहा.

गोष्ट कृतीच्या मध्ये घुसवू नका. तेल तापलेलं असताना कोणी तुमचं बालपण वाचत नाही.

टप्पा 9 : नाव आणि परवानगी

छापायचं असो वा नुसतं नातेवाइकांत वाटायचं असो, सांगणाऱ्या बाईचं नाव पानावर घालायचं का हे तिला विचारा. काही जणींना हवं असतं, काही जणींना अजिबात नको. पूजेशी जोडलेल्या पदार्थांचं आधीच विचारा. कानबाईचे रोट भाऊबंदकीतच खायचे असतात, त्याची कृती चार लोकांत जावी की नाही हे त्या घराने ठरवायचं.

दुसऱ्याच्या पुस्तकातून परिच्छेद उचलू नका. कोणत्या डाळीत किती मीठ हे कोणाच्या मालकीचं नसतं, पण ते सांगायची वाक्यं लिहिणाऱ्याची असतात. नक्कल केलेलं पान मिश्र वहीत लगेच ओळखू येतं, त्यात अचानक 'चवीनुसार' परत येतं.

तीन पदार्थ झाले की वहीची एक छापील प्रत ओट्याशेजारी टांगा, दुसरी कपाटात ठेवा. ओट्याजवळची प्रत वापरताना जे बदलाल ते तिच्यावरच पेनाने लिहा, तारखेसकट. आमच्या डुबुकच्या पानावर गेल्या पावसाळ्यापासून चिंच 15 ची 12 ग्रॅम झाली आहे. आईच्या अक्षरात, खाली कारण लिहिलेलं आहे, 'जावयाला आंबट सोसत नाही'.